भिंगांचे शास्त्रज्ञ प्रोफेसर अर्न्स्ट आबे

कांहीं थोर पुरुषांचीं नांवें रस्त्यांना व गांवांना दिलेलीं असतात, म्हणून तीं आपल्या कानांवर नित्य येतात. दुसऱ्या कांहींचीं नांवें त्यांनीं सुधारलेल्या एखाद्या यंत्राच्या पोटांत दडून राहतात. शाळेच्या प्रयोगशाळेंतील सूक्ष्मदर्शक यंत्र ज्यानें हाताळलें आहे, त्यानें कांचपट्टीखालीं बसविलेलें प्रकाश एकवटणारें भिंग पाहिलें असेलच. त्या भिंगास जगभर आबे कंडेन्सर म्हणतात. परंतु हे आबे कोण, ते कोणाचे पुत्र, त्यांनीं काय मिळविलें आणि मिळविलेलें कोणास देऊन टाकलें, हें फारच थोड्यांस ठाऊक असतें. त्यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं जसें वाचावें, तसेंच त्यांच्या पालकांनींहि वाचावें असें आहे. कारण त्यांत विद्येची थोरवी आहे आणि घामाची किंमतहि आहे.

अर्न्स्ट आबे यांचा जन्म जर्मनींतील आयझेनाख या गांवीं २३ जानेवारी १८४० रोजीं झाला. वडील सूत कातण्याच्या गिरणींत कामगार होते. त्या काळीं गिरणींतला दिवस चौदा, पंधरा, कधीं सोळा तासांचा असे, आणि तोहि उभ्यानें काढावयाचा. दुपारीं जेवणासाठीं सुटी नसे. लहानगा अर्न्स्ट किंवा त्याची बहीण, यांपैकीं एकजण पाळीपाळीनें वडिलांचें जेवण घेऊन गिरणींत जाई. वडील यंत्राला टेकून उभ्याउभ्याच घाईघाईनें घास घेत, रिकामें भांडें मुलाच्या हातीं देत आणि तत्काळ पुन्हां कामास लागत. अंगानें उंच व धिप्पाड असलेला तो गृहस्थ अठ्ठेचाळिसाव्या वर्षींच म्हाताऱ्यासारखा दिसूं लागला होता. हें दृश्य त्या बालकाच्या मनावर असें कोरलें गेलें कीं, पुढें मोठेपणीं हजारों कामगारांचें भवितव्य त्याच्या हातीं आलें, तेव्हांहि त्याला त्याचा विसर पडला नाहीं.

मुलगा बुद्धिमान् आहे हें शिक्षकांच्या लवकरच ध्यानांत आलें. ज्या गिरणींत बाप राबत होता तिच्याच मालकानें मुलाच्या शिक्षणास हात दिला. परंतु तेवढ्यानें भागणारें नव्हतें. अर्न्स्टनें शिष्यवृत्ति मिळविल्या, शिकवण्या केल्या आणि काटकसरीनें राहून आपला मार्ग काढला. १८५७ पासून दोन वर्षें येना येथील विद्यापीठांत आणि पुढें ग्यॉटिंगेन येथें त्यांनीं गणित व पदार्थविज्ञान यांचा अभ्यास केला. ग्यॉटिंगेनला वेबर व रीमान यांच्यासारखे नामांकित गुरु त्यांस लाभले. १८६१ सालीं, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षीं, त्यांनीं डॉक्टर ही पदवी संपादन केली. आणि १८६३ पासून येना येथें ते व्याख्यानें देऊं लागले. मान मोठा असला तरी प्राप्ति मात्र बेताची होती. पुढें १८७१ सालीं त्यांनीं आपले गुरु प्रोफेसर स्नेल यांची कन्या एल्झ हिच्याशीं विवाह केला.

त्याच येना गांवांत एका कारागिराचें दुकान होतें. कार्ल झाइस हें त्याचें नांव. वायमार येथें १८१६ सालीं जन्मलेल्या या कारागिरानें १८४६ च्या नोव्हेंबरांत येना येथें लहानशी कार्यशाळा उघडली. विद्यापीठांतील पंडितांचीं यंत्रें दुरुस्त करून देणें आणि नवीं बनविणें हा त्याचा व्यवसाय. श्लायडेन नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें त्याला सूक्ष्मदर्शकांकडे वळविलें. झाइस हा कामाच्या बाबतींत अत्यंत कडक होता. एखादें यंत्र मनाजोगें उतरलें नाहीं तर तें तो ऐरणीवर ठेवून हातोड्यानें फोडून टाकी, अशी त्याच्याविषयीं आख्यायिका आहे.

परंतु झाइसला एक शल्य टोंचत असे. त्या काळीं सर्वत्रच सूक्ष्मदर्शकाचीं भिंगें अंदाजानें जुळविलीं जात. कारागीर एक भिंग घांसे, दुसऱ्यावर बसवून पाही, प्रतिमा अस्पष्ट दिसली कीं तें काढी, तिसरें लावी. असें करतां करतां केव्हां तरी जमून येई. अनुभवी हातांना यश लवकर येई, नवशिक्यांना उशिरां. पण का जमलें आणि का बिघडलें हें कोणासच सांगतां येत नसे. एक उत्तम यंत्र बनलें म्हणजे त्यासारखेंच दुसरें बनेल याची शाश्वति नव्हती. १८६६ सालीं झाइसच्या कार्यशाळेंतून हजारावें सूक्ष्मदर्शक यंत्र बाहेर पडलें, आणि त्याच वर्षीं झाइस सव्वीस वर्षांच्या तरुण व्याख्यात्याकडे गेला. पूल बांधणारा जसा आधीं गणित करतो व मग दगड रचतो, तसें भिंगाचें गणित आधीं करतां येईल काय, असा त्याचा प्रश्न होता. आबे यांनीं हें काम हातीं घेतलें.

हें काम दिसतें तितकें सोपें नव्हतें. आबे यांनीं प्रथम मोजमापाचीं उपकरणें तयार केलीं. कांचेची किरण वळविण्याची शक्ति मोजणारें, भिंगाची जाडी व वळण तपासणारें, प्रकाश एकवटणारें, अशीं एकामागून एक साधनें त्यांनीं सिद्ध केलीं. कारखान्यांत प्रत्येक भागाची तपासणी त्या त्या पायरीवरच होऊं लागली. घांसलेलें भिंग नमुन्याच्या कांचेवर ठेवावें आणि दोहोंमध्यें उमटणारीं रंगीत वलयें पहावीं. वलयें वेडींवाकडीं दिसलीं तर भिंग पुन्हां घांसावें, अशी पद्धत तेथें रूढ झाली.

तरी पहिलें फळ निराशेचेंच आलें. त्या वेळच्या समजुतीप्रमाणें वस्तुभिंगाचें तोंड अरुंद ठेवलें म्हणजे प्रतिमेंतील दोष कमी होतात. आबे यांनीं त्या आधारावर गणित करून भिंगें बनविलीं. गणित निर्दोष होतें, भिंगेंहि निर्दोष होतीं, परंतु अंदाजानें बनविलेल्या जुन्या भिंगांतून जे बारकावे दिसत ते ह्या नव्या भिंगांतून दिसेनात! दुसरा एखादा असता तर गणितास दोष देऊन मोकळा झाला असता. आबे यांनीं मात्र हें असें का होतें याचाच शोध करण्यास आरंभ केला.

त्यांना उत्तर सांपडलें तें असें. अतिशय बारीक रेघा ज्या वस्तूवर आहेत तिच्यांतून प्रकाश सरळ तर जातोच, पण शिवाय दोहों बाजूंस फांटे फुटल्याप्रमाणें पसरतो. रेघा जितक्या जवळ जवळ, तितके हे फांटे अधिक दूर फेंकले जातात. वस्तुभिंगानें सरळ किरणाबरोबर ह्यांपैकीं निदान एक तरी फांटा आंत घेतला पाहिजे; तरच त्या रेघा प्रतिमेंत उमटतात. भिंगाचें तोंड अरुंद असलें म्हणजे फांटे बाहेरच राहतात, आणि भिंग कितीहि निर्दोष असलें तरी रेघा दिसत नाहींत. म्हणजे वस्तु मोठी दिसणें ही एक गोष्ट आणि तिच्यांतील बारकावे दिसणें ही अगदीं दुसरी गोष्ट! १८७३ सालीं आबे यांनीं हा सिद्धांत प्रसिद्ध केला. साध्या प्रकाशानें पाहतां येणाऱ्या बारकाव्यांस निसर्गानेंच एक सीमा घातली आहे, हें त्यांनीं दाखवून दिलें. ती सीमा प्रकाशलहरीच्या लांबीच्या सुमारें निम्मी, म्हणजे साधारणपणें एका मिलिमीटरचा पांचहजारावा भाग आहे. माणसाच्या एका केसाच्या जाडीचे तीनशेंहून अधिक भाग केले तर त्यांतील एक भाग एवढा भरेल.

ह्या ज्ञानाचा उपयोग लगेच होऊं लागला. १८७२ पर्यंत झाइसच्या कारखान्यांतील सर्व वस्तुभिंगें गणितानेंच बनविलीं जाऊं लागलीं होतीं. १८७८ सालीं आबे यांनीं तेलांत बुडवावयाचें वस्तुभिंग सिद्ध केलें. कांचेच्या पट्टीवर कांचेइतकेंच किरण वळविणाऱ्या तेलाचा थेंब ठेवून त्यांत भिंगाचें टोंक बुडविलें म्हणजे हवेमुळें निसटून जाणारे किरणहि आंत येतात. ही कल्पना स्टीफन्सन नांवाच्या इंग्रज गृहस्थानें सुचविली होती, आणि आबे यांनीं ती गणितानें पूर्णत्वास नेली. डॉक्टर रॉबर्ट कोख यांनीं हीं साधनें आपल्या संशोधनांत वापरलीं आणि १८८२ सालीं क्षयरोगाचा जंतु जगापुढें मांडला. पुढें १८८४ सालीं कलकत्त्यास पटकीच्या जंतूचा त्यांनीं अभ्यास केला, आणि १८९७ सालीं प्लेगच्या चौकशीसाठीं ते मुंबईसहि आले होते. येना येथील एका शांत खोलींत कागदावर केलेल्या गणिताचा हात असा आपल्या देशांतील रोग्यांच्या बिछान्यापर्यंत पोंचला.

गणित कितीहि उत्तम झालें तरी कांचच वाईट असेल तर काय करणार? बाजारांत मिळणाऱ्या कांचेचे प्रकार मोजकेच होते. १८७९ सालीं ओटो शॉट नांवाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञानें आबे यांच्याकडे नव्या कांचेचे नमुने पाठविले. आबे यांनीं हें रत्न तत्काळ ओळखलें. शॉट १८८२ सालीं येना येथें आला आणि १८८४ सालीं आबे, शॉट, झाइस व झाइसचा पुत्र यांनीं मिळून कांचेचा कारखाना काढला. तेथें कांचेच्या नवनव्या जाति निर्माण झाल्या. त्यांच्या साह्यानें १८८६ सालीं आबे यांनीं अशीं भिंगें बनविलीं कीं त्यांतून पाहिलें असतां वस्तूच्या कडेला दिसणारी रंगीत झालर जवळजवळ नाहींशी होई. सूक्ष्मदर्शकाच्या ह्या सुधारणांचा मक्ता स्वतःकडे राखण्याचें आबे यांच्या मनांत नव्हतें. शास्त्राच्या उपयोगी पडणारें साधन सर्वांसाठीं मोकळें असावें, असें त्यांचें मत होतें.

ज्या यंत्राशीं आपल्या शाळकरी मुलांचा हल्लीं अधिक संबंध येतो, त्या दोन डोळ्यांनीं पहावयाच्या सूक्ष्मदर्शकाचा जन्महि ह्याच कारखान्यांत झाला. पॅरिसमध्यें राहणारे ग्रीनो नांवाचे एक अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ होते. प्राण्यांचे गर्भ तपासतांना ते फार अडचणींत येत. साध्या सूक्ष्मदर्शकांत वस्तु उलटी दिसते व सपाट दिसते. सुई डावीकडे नेली तर ती उजवीकडे जातांना दिसते, आणि तिचें टोंक वस्तूच्या वर आहे कीं खालीं हेंहि कळत नाहीं. त्यांनीं १८९२ सालीं आबे यांच्या कारखान्याकडे असें यंत्र मागितलें कीं ज्यांत वस्तु सुलटी दिसावी आणि तिची खोली समजावी. आबे यांचे सहकारी चाप्स्की यांनीं हें काम अंगावर घेतलें आणि १८९७ च्या सुमारास तें यंत्र विक्रीस आलें. आजहि ह्या घडणीच्या यंत्रास ग्रीनोचेंच नांव आहे.

त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. हें एक यंत्र नसून एकमेकांकडे झुकलेलीं दोन संपूर्ण यंत्रें आहेत. दोन्ही नळ्यांमध्यें बारा ते सोळा अंशांचा कोन असतो; जवळची वस्तु पाहतांना आपले दोन डोळे जसे आंत वळतात तसाच. प्रत्येक नळींत खालीं वस्तुभिंग, मध्यें कांचेच्या लोलकांची जोडी आणि वर नेत्रभिंग असतें. वस्तुभिंगानें उलटी केलेली प्रतिमा लोलकांच्या जोडीमुळें पुन्हां सुलटी होते. दोन्ही डोळ्यांस किंचित् निरनिराळी प्रतिमा मिळते आणि मन त्या दोहोंची एक करून वस्तूची उंची व खोली जाणतें. यावरून सहज कळून येईल कीं, येथें प्रत्येक भिंग स्वच्छ असणें पुरेसें नाहीं. दोन्ही नळ्यांचें एकमेकींशीं ऐक्य असावें लागतें. तें बिघडलें म्हणजे एकाच्या दोन वस्तु दिसतात, किंवा दिसतें एकच पण घटकाभरांत डोकें दुखूं लागतें.

अंजनवेलीसारख्या समुद्रकांठच्या गांवीं हा प्रश्न नुसता पुस्तकी नाहीं. एका बाजूस वाशिष्ठीचें मुख व दाभोळची खाडी, दुसऱ्या बाजूस उघडा समुद्र. पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल येते, चामड्याच्या चपलांवर बुरशी चढते, लोखंडास गंज लागतो. त्याच ओलीनें बंद पेटींतील भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरते आणि तिच्या आम्लानें कांचेवर कायमचे ओरखडे राहतात. डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ च्या ऑगस्टांत सिकंदराबाद येथें डांसाच्या पोटांत हिंवतापाच्या जंतूचा माग लावला. त्या वेळीं त्यांच्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू कपाळाच्या व हातांच्या घामानें गंजले होते, आणि उरलेलें एकमेव नेत्रभिंग तडकलेलें होतें. तशा यंत्रानें त्यांनीं तो शोध लावला हें त्यांच्या चिकाटीस भूषणावह आहे. परंतु यंत्राची निगा राखावी ती कां, हेंहि त्यावरून ध्यानांत यावें.

घरीं अथवा शाळेंत असें यंत्र बिघडल्यास आबे यांची रीति उपयोगी पडते. ती रीति म्हणजे अंदाजानें हात न घालतां आधीं दोष कोठें आहे तें शोधणें, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलणें. डाग दिसत असेल तर नेत्रभिंग हातानें फिरवून पहावें. डाग त्याबरोबर फिरला तर तो नेत्रभिंगावर आहे. न फिरतां जागच्या जागीं राहिला तर तो अन्यत्र आहे. सारें चित्रच धुरकट दिसत असेल तर वस्तुभिंग किंवा लोलक तपासावा. पुसण्यापूर्वीं रबरी फुग्यानें धूळ उडवून द्यावी, कारण धुळीचा कण फडक्याखालीं सांपडला कीं तो कांच ओरबाडतो. मग भिंगासाठीं मिळणारा मऊ कागद किंवा धुवून धुवून मऊ झालेलें सुती फडकें किंचित् ओलें करून, मधून कडेकडे अलगद फिरवावें. एकमेकांस चिकटविलेलीं भिंगें मात्र कधींहि सुटीं करूं नयेत.

प्रतिमा दोन दिसत असतील तर कागदावर बारीक रेघांची फुली काढून तो कागद यंत्राखालीं पक्का चिकटवावा. उजवा डोळा मिटून, डाव्या नळींत फुली बरोबर मध्यें येईल असें करावें. मग कागद न हलवितां डावा डोळा मिटून उजव्या नळींतून पहावें. येथेंहि फुली मध्यें असेल तर नळ्यांचें ऐक्य आहे. ती थोडी डावीउजवीकडे सरकलेली असेल तर डोळे तें सांभाळून घेतात; कारण दोन्ही डोळे आंत वळविण्याची आपल्यास संवयच आहे. परंतु ती वर किंवा खालीं सरकलेली असेल तर मात्र डोळ्यांस तें साधत नाहीं. एक डोळा वर आणि एक खालीं असें आपण करूं शकत नाहीं, आणि म्हणून डोकें दुखतें. फुली कलंडलेली दिसली तर जोडींतील एक लोलक आपल्या जागीं फिरला आहे असें समजावें. लोलक एक अंश फिरला तर प्रतिमा दोन अंश कलंडते. तेव्हां येथें केसभर हालविलें तरी पुष्कळ होतें.

दुरुस्ती करतांना लोलकाच्या बैठकीची मूळची जागा आधीं बारीक टोंकाच्या शिसपेन्सिलीनें खूण करून ठेवावी. ज्या भोकांतून जो स्क्रू काढला तो त्याच भोकांत परत जावा म्हणून कागदावर आकृति काढून स्क्रू तिच्यावर मांडावे. एका वेळीं एकाच नळींतील एकच लोलक, आणि तोहि स्क्रू पूर्ण न काढतां फक्त सैल करून, हलवावा. फुली मध्यें आली कीं स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीनें आवळावे; आणि आवळून झाल्यावर पुन्हां पहावें, कारण आवळतांनाच जागा पुष्कळदां हलते. शेवटीं सर्वांत मोठ्या वर्धनावर वस्तु स्पष्ट करून, मग खालचें वांक न हलवितां लहान वर्धनावर यावें, आणि तेथें प्रत्येक डोळ्यासाठीं त्या त्या नेत्रभिंगाचें कडें फिरवून प्रतिमा स्पष्ट करून घ्यावी. हें सर्व झालें कीं यंत्र ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावें आणि पुडी अधूनमधून तापवून कोरडी करीत जावी. चामड्याच्या पेटींत तें कधींहि ठेवूं नये.

ज्याचें यंत्र असें नीट लागलें, त्याला आपल्याच गांवाच्या वाळूंत सहस्रावधि नवलें दिसतील. शिंपल्याचे थर, खाडीच्या पाण्यांतील डांसांच्या अळ्या, माशाच्या खवल्यावरील वलयें, गवताच्या बियांवरील कुसळें, हीं पाहण्यास दूर जावें लागत नाहीं.

आतां पुन्हां आबे यांच्या चरित्राकडे वळूं. त्यांच्या बुद्धीनें कारखाना भरभराटीस आला. १८७६ च्या सुमारास ते कारखान्याचे भागीदार झाले, आणि १८८८ च्या डिसेंबरांत झाइस मरण पावल्यावर सारा भार त्यांच्यावर पडला. गिरणीकामगाराचा पुत्र लक्षाधीश झाला. अशा वेळीं माणूस काय करतो? बहुधा वाडा बांधतो, जमीन घेतो, मुलाबाळांच्या नांवें ठेवी ठेवतो. आबे यांनीं निराळेंच केलें. ह्या संपत्तींत माझ्या बुद्धीचा वांटा किती, माझ्या आधींच्या पंडितांचा किती, विद्यापीठाचा किती आणि कारागिरांच्या हातांचा किती, असा हिशेब त्यांनीं मनाशीं मांडला. हिशेबांत त्यांचा स्वतःचा वांटा फार थोडा निघाला. १८८९ सालीं त्यांनीं एक संस्था स्थापिली आणि १८९१ सालीं दोन्ही कारखान्यांतील आपली मालकी तिच्या स्वाधीन केली. पुढें ते त्याच कारखान्यांत पगारी चालक म्हणून राहिले. त्या संस्थेस त्यांनीं आपलें नांव दिलें नाहीं. आपल्या मृत सहकाऱ्याचें, कार्ल झाइसचें, नांव दिलें.

संस्थेचे नियम त्यांनीं स्वतः अनेक वर्षें विचार करून लिहिले आणि १८९६ सालीं ते अमलांत आले. नोकरी देतांना कोणाचा धर्म, कूळ किंवा राजकीय मत पाहूं नये. आजारीपणांत व वार्धक्यांत कामगारास हक्कानें साह्य मिळावें. पगारी रजा असावी. नफ्याचा अंश कामगारांस मिळावा. वरिष्ठ अधिकाऱ्याचा पगार सामान्य कामगाराच्या सरासरी वेतनाच्या दहापटीहून अधिक नसावा. आणि उरलेला पैसा विद्यापीठ व गांव यांच्या हितार्थ खर्च व्हावा. हें सर्व दयेपोटीं दिलेलें दान नव्हतें. कामगारांस तें कायदेशीर हक्क म्हणून मिळावें असा आबे यांचा कटाक्ष होता. कारण दान देणाऱ्याची लहर फिरली कीं दान थांबतें, हक्क थांबत नाहीं.

१८९१ सालीं कारखान्यांत नऊ तासांचा दिवस सुरू झाला होता. १ एप्रिल १९०० पासून आबे यांनीं आठ तासांचा दिवस सुरू केला. इतर मालकांनीं कारखाना बुडेल असें भाकित केलें असेल. आबे यांनीं भाकित न करतां मोजणी केली. ज्यांना कामाच्या नगावर मजुरी मिळे अशा कामगारांची आदल्या वर्षींची नऊ तासांची कमाई आणि नव्या वर्षींची आठ तासांची कमाई त्यांनीं ताडून पाहिली. आठ तासांत नऊ तासांइतकें, किंबहुना किंचित् अधिकच काम झालें होतें! थकलेला हात सावकाश चालतो व चुका करतो. विसावलेला हात जलद व नेमका चालतो. जी दृष्टि भिंगाच्या दोषावर, तीच दृष्टि माणसाच्या श्रमावर. त्यांत अंदाजास थारा नव्हता. गिरणींत यंत्राला टेकून जेवणारे त्यांचे वडील ह्या आंकड्यांमागें उभे होते, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

दुर्दैवाची गोष्ट अशी कीं, इतरांचे तास मोजून कमी करणाऱ्या ह्या पुरुषानें स्वतःचे तास कधींच मोजले नाहींत. विद्यापीठांतील व्याख्यानें, वेधशाळेचा कारभार, कारखान्याचें गणित, संस्थेचे नियम, हीं सर्व कामें ते एकट्याच्या बळावर रात्रंदिवस करीत. निद्रानाशानें त्यांस ग्रासलें, झोंपेसाठीं औषधांचा आधार घ्यावा लागला आणि शरीर खंगत गेलें. १९०३ सालीं त्यांनीं कामांतून निवृत्ति घेतली. १४ जानेवारी १९०५ रोजीं, पासष्टावें वर्ष पुरें होण्यास नऊ दिवस राहिले असतां, येना येथें त्यांचें देहावसान झालें. १९११ सालीं तेथें त्यांचें स्मारक उभारण्यात आलें. येना येथील त्यांच्या एका स्मारकशिलेवर सूक्ष्मदर्शकाच्या दृष्टीची सीमा सांगणारें त्यांचें सूत्रच कोरलेलें आहे.

ती सीमा शंभरांहून अधिक वर्षें अभेद्य मानली गेली. शेवटीं कांहीं शास्त्रज्ञांनीं रेणूंस पाळीपाळीनें प्रकाशित करण्याच्या युक्तीनें तिला वळसा घातला, आणि त्याबद्दल २०१४ सालीं तिघांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांतील एक, श्टेफान हेल, हे ज्या ग्यॉटिंगेन गांवीं आबे यांनीं पदवी मिळविली त्याच गांवीं संशोधन करीत होते. तरी आबे यांचा सिद्धांत खोटा ठरला असें नाहीं. सीमा कोठें आहे हें ज्यानें नेमकें सांगितलें, त्याच्यामुळेंच ती ओलांडण्याची वाट पुढच्यांस शोधतां आली.

विद्यार्थिमित्रांनो, आबे यांचे आईबाप श्रीमंत नव्हते. त्यांच्यापाशीं होती ती अभ्यासाची चिकाटी, आणि उत्तर मनाजोगें आलें नाहीं तरी तें झांकून न ठेवण्याचा प्रामाणिकपणा. पालकांनींहि एवढें ध्यानांत ठेवावें कीं, दुपारचा डबा घेऊन गिरणींत, होडीवर किंवा शेतावर जाणारें मूल तेथें कांहींतरी पाहत असतें. तें काय पाहतें आणि त्याचें पुढें काय करतें, यावर पुष्कळांचें कल्याण अवलंबून असूं शकतें. भिंग स्वच्छ असावें, दोन्ही नळ्यांचें ऐक्य असावें, तेव्हांच वस्तु आहे तशी दिसते. आबे यांच्या आयुष्यांत विद्या आणि न्यायबुद्धि ह्या दोन नळ्या अशाच एका बिंदूवर रोंखलेल्या होत्या. म्हणून त्यांस जग इतकें स्पष्ट दिसलें.